चार बोटं शिल्लक

मोटरसायकलच्या रेस ट्रॅकवरचं प्रशिक्षणाचं सत्र संपवून पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, आले तेव्हा दोन्ही मनगटांना कंप सुटला होता. हातमोजे ओढून काढताना घामाने भिजलेलं अस्तरच बोटांबरोबर बाहेर आलं, ते तसंच लोंबत ठेवलं. इंजिन बंद केलं तरी रेडिएटरचा पंखा घरघरत होता, सायलेन्सर थंड होताना टिकटिकत होता, आणि तापलेल्या रबराचा तो गोडसर, जरासा मळमळवणारा वास सगळीकडे भरून राहिला होता. मी खुशीत होते. सरळ पट्ट्याच्या शेवटी, पहिल्या वळणाच्या आधी, त्या दिवशी मी असा ब्रेक मारला होता की छातीतलं सगळं घशाशी आलं. आयुष्यात इतक्या जोरात थांबले नव्हते. आमचे प्रशिक्षक गाड्यांच्या रांगेतून एकेक गाडी बघत येत होते. सकाळी त्यांनी प्रत्येकाच्या पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय आवळून ठेवला होता, वायरी बांधायला वापरतात तो, साधा प्लास्टिकचा. माझ्या गाडीत शॉकअप दबला की त्याचं सील टायला खाली ढकलतं. शॉकअप परत वर आला तरी टाय तिथेच राहतो, म्हणजे ब्रेक मारताना शॉकअप जास्तीत जास्त किती दबला आणि किती जागा न वापरता उरली ते कळतं. ते माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले, टाय आणि नळीचं खालचं टोक यांच्यामध्ये आडवी बोटं लावून पाहिली आणि म्हणाले, "चार बोटं शिल्लक आहेत." एवढंच. उठले, पुढच्या गाडीकडे गेले.

चार बोटं!

आनंद झाला की आपण स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतो. माझा त्या दिवशी चार बोटं उरला होता, आणि तो आनंद नव्हता. रात्री झोप येईना तेव्हा मी हिशोब मांडत बसले. पुढच्या शॉकअपची एकूण चाल १२० मिलिमीटरच्या आसपास. त्यातले तीस-पस्तीस तर मी गाडीवर नुसती बसले की दबतात, तसेच दबायला हवेत. सरांची चार बोटं म्हणजे साधारण सत्तर मिलिमीटर. उरले किती? माझ्या त्या घशाशी आणणाऱ्या ब्रेकने शॉकअप जेमतेम दीड सेंटिमीटर दबला होता. रागावले असते तर बरं झालं असतं, मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं. बोटांशी कसं भांडणार? शेजारच्या पोराची ४०० सीसीची गाडी होती. तिथे बसून त्यांनी एकच बोट लावलं आणि नुसतं "हां" म्हणाले. तो "हां" मला त्या चार बोटांपेक्षा जास्त टोचला.

झेपणं हा शब्द मला फार पूर्वीपासून चिकटलेला आहे. उंची पाच फूट एक इंच, त्यात बाई, त्यात मोटरसायकल. "झेपेल का तुला?" हे मला दुकानदारांनी, नातेवाइकांनी, मैत्रिणींच्या नवऱ्यांनी आणि एकदा तर पार्किंगमधल्या रखवालदाराने विचारलेलं आहे. हजार सीसीची गाडी घेणाऱ्या सहा फुटी माणसाला हे कुणी विचारताना मी अजून ऐकलेलं नाही, आणि ज्यांना विचारायला हवं होतं असे दोन-तीन जण माझ्या ओळखीत आहेत. मग मी सहाशे सीसीची, चार सिलिंडरची स्पोर्ट्स बाइक घेतली. हौस होतीच, पण हौसेच्या पोटात थोडा सूडही होता. या वर्गात सीटची उंची ८५० मिलिमीटरपर्यंत जाते. माझा एक पाय चवड्यावर आणि दुसरा हवेत अशी अवस्था. तरी मी ती स्टँडवरून सरळ करायला शिकले, उताराला लागलेली मागे ओढायला शिकले, एका चवड्यावर तोलून सिग्नलला उभी राहायला शिकले. दोनदा उभ्या उभ्या पाडली. एकदा भर गर्दीत. दोन्ही वेळा एकटीने उचलली: पाठ सीटला लावायची, हँडल आत वळवायचं आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत जायचं. झेपली की नाही? झेपली.

पण हे सगळं उभ्या गाडीचं झेपणं. ट्रॅकवर पाय जमिनीला लागतात ते दोनदाच, बाहेर पडताना आणि परत आल्यावर. मधल्या वीस मिनिटांत माझ्या उंचीला कुणी विचारत नव्हतं. ज्या परीक्षेसाठी मी इतकी वर्षं अभ्यास केला होता तो पेपरच तिथे नव्हता.

तिथे काय होत होतं ते मला बरंच उशिरा कळलं. माझ्या वर्गातल्या गाड्यांची खरी ताकद दहा हजार आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या, वर राहते. यामाहाची आर६ घ्या: ५९९ सीसी, ११८ च्या आसपास अश्वशक्ती, आणि लाल रेघ, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा, सोळा हजारांच्याही पुढे. पहिल्या गिअरमध्येच ती शंभराच्या वर जाते. मी सहा-सात हजारांवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सबंध ट्रॅक फिरून येत होते. सरळ पट्टा आला की थ्रॉटलची मूठ थोडीशी पिळायची, गाडी झेपावायची, पोटात खड्डा पडायचा, आणि मी लगेच मूठ सोडायची. खूप वेगाने जातोय असं वाटायला एवढं पुरतं. मग वळण दोनशे मीटरवर आलं हे सांगणारा दोनशेचा बोर्ड दिसायच्या आतच ब्रेकला बोटं जायची. वेग दीडपट झाला की गाडी थांबवायला सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. हे शाळेत पाठ होतं. ट्रॅकवर ते मेंदूऐवजी आतड्यांना कळतं. त्यामुळे मी खूप आधी, खूप हळू, खूप लांबपर्यंत ब्रेक दाबत राहायची आणि वळणात शिरेपर्यंत गाडी जवळपास मेलेली असायची. बाहेर पडताना पुन्हा मूठ, पुन्हा झेप. फेरीची वेळ काही वाईट येत नव्हती. वळणात जे गमवायची ते इंजिन सरळ पट्ट्यावर गुपचूप भरून द्यायचं, एखाद्या लाडावलेल्या पोराची उधारी बाप परस्पर चुकती करतो तसं.

वळणाचं गणित तर अजूनच अपमानास्पद आहे. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण ताशी साठच्या वेगाने घ्यायचं तर गाडी आणि स्वार मिळून तीस अंशांच्या आसपास कलावं लागतं. ऐंशीने घ्यायचं तर पंचेचाळीस. या हिशोबात त्रिज्या आहे, वेग आहे, गुरुत्वाकर्षण आहे. वजन नाही. सीसी तर नाहीच नाही. उलट मागचं टायर जितकं रुंद, तितकी त्याच वेगाला गाडी थोडी जास्तच कलावी लागते. म्हणजे माझ्या १८० च्या टायरवर त्या पोराच्या १५० च्या टायरपेक्षा मला कणभर जास्त झुकायचं होतं, आणि मी तर त्याच्या निम्मीसुद्धा झुकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोरगा स्वतःहून म्हणाला, "ताई, माझी नेऊन बघा ना एक सत्र. मला तसंही पाय सोडून बसायचंय." माझ्या तोंडून पटकन नको निघून गेलं. गाडी पडेल ही भीती नव्हती. पॅडॉकचा नियम सरळ आहे, जो पाडेल तो भरेल. भीती वेगळीच होती. त्या छोट्या गाडीवर मला कुणी पाहिलं तर इतक्या वर्षांच्या "झेपेल का"चं उत्तर त्यांच्या बाजूने जाणार होतं. हे मी त्याला कसं सांगणार? त्याला वाटलं मी संकोच करतेय. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि सावलीत जाऊन आडवा झाला.

बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. इतकं विचित्र वाटलं की मी क्षणभर तशीच बसून राहिले, पाहुण्यांच्या घरी स्वतःच्या मापाच्या चपला सापडाव्यात तशी. आवाज पोकळ, भुरभुरता. पिट लेनमधून, ट्रॅकवर जायच्या वाटेवरून, बाहेर पडताना मला हसूच आलं. पहिली फेरी टायर तापवण्यात गेली. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर मूठ पिळता पिळता अचानक अडली. मला वाटलं काहीतरी बिघडलं, केबल कुठेतरी दबली असणार. हळूच सोडून परत पिळली. पुन्हा तिथेच अडली. मग लक्षात आलं: काही बिघडलं नव्हतं, थ्रॉटल संपला होता. पूर्ण उघडलेली मूठ शेवटाला टेकली की कशी लागते, तो कठीण, बोथट थांबा, हे मला माहीतच नव्हतं. स्वतःच्या गाडीवर मी त्या टोकाला एकदाही पोचले नव्हते.

चौथं वळण लांबच लांब, उजवीकडचं, मधेच दिशा हरवल्यासारखं वाटणारं. तिथे मी निम्म्या वळणावर दचकून मूठ सोडते. हेही मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, कारण माझ्या गाडीवर सोडलेली मूठ परत पिळली की झालं, खाडाखोड करून वही कोरी. त्या ४०० वर मूठ सोडली आणि वेग जो गेला तो गेलाच. पुढच्या सबंध पट्ट्यावर मी टाकीवर छाती टेकवून, हनुवटी खाली दाबून, गाडीला मनातल्या मनात शिव्या देत होते, आणि मागून एकेक जण आरामात पुढे जात होता. पुढच्या फेरीत तिथे मूठ सोडली नाही. म्हणजे सोडली, पण कमी. त्याच्या पुढच्या फेरीत नजर वळणाच्या पोटाशी न ठेवता बाहेरच्या टोकाकडे टाकली तेव्हा मूठ आपोआप जागेवर राहिली. एका सत्रात एका वळणाबद्दल एक गोष्ट कळली. ऐकायला फारच थोडं वाटतं. सहाशेवर मी सहा दिवस घालवले होते आणि एवढंही कळलं नव्हतं.

परत आल्यावर त्या गाडीचा टाय मी स्वतःच आधी पाहिला. दीड बोट. सर मागे उभे होते. म्हणाले, "खूश होऊ नका, या गाडीच्या स्प्रिंगा मऊ आहेत." बरोबरच होतं ते. दोन गाड्यांच्या टायची तुलना करता येत नाही. स्प्रिंग वेगळी, वजन वेगळं, पुढे ब्रेकची एकच डिस्क. तरीही मी दोन मिनिटं खूश राहिले. लपवून.

इथवर वाचून कुणी म्हणेल, झालं, मग छोटी गाडी घ्या, विषय संपला. तसं नाहीये. आमच्या तुकडीत एक उंच, चांगले शंभर किलोचे गृहस्थ होते, त्यांनी सगळ्यांचं ऐकून ३०० सीसीची गाडी आणली होती. गुडघे कोपरांना लागत. ढुंगण मागे सरकवायला जागा नाही, त्यामुळे शरीर वळणाच्या आत काढायचं तर आधी सगळा गुंता सोडवावा लागे. बसल्याबरोबर निम्मा शॉकअप खलास, ब्रेक मारला की तळाला धडक. ते बिचारे स्वतःला दोष देत होते. सरांनी त्यांना ६५० च्या, दोन सिलिंडरच्या गाडीवर बसवलं. सुझुकीची एसव्ही किंवा कावासाकीची निन्जा ६५० या जातीची: ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास, पण ती खालपासून सरळ रेषेत येणारी, झेप न घेणारी. आणि स्प्रिंगा त्यांच्या वजनाच्या घातल्या. माणूस दोन सत्रांत ओळखू येईना. गाडीचा आकार म्हणतो तेव्हा आपण सीसी बोलतो, पण गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं माप आणि बसल्यावर शॉकअप किती दबतो हे मला आता त्याच्या आधी विचारावंसं वाटतं. गंमत म्हणजे निन्जा ४०० आणि आर६ यांच्या वजनात फरक फार तर वीस-बावीस किलोंचा. मी ज्याच्याशी वर्षानुवर्षं झुंजले ते वजन खरं भांडणाचं कारण नव्हतंच. पन्नासाच्या आतली आणि एकशे अठरा अश्वशक्ती यांतला फरक होता.

छोट्या गाडीच्या खोडीही आहेत. ती तुम्हाला मूठ बिनधास्त, झटक्यात पिळायची सवय लावते, कारण तिथे त्याने काही बिघडत नाही. तोच हात नंतर मोठ्या गाडीवर, गाडी पुरती कललेली असताना, तसाच चालला तर मागचं चाक घसरतं, दचकून मूठ सोडली की ते पुन्हा पकडतं आणि स्वार वरून फेकला जातो. नव्या गाड्यांत चाक घसरायला लागलं की ताकद कमी करणारा ट्रॅक्शन कंट्रोल असतो, तो पुष्कळ सांभाळून घेतो. माझी गाडी त्या पिढीतली नाही. शिवाय वर्दळीचा ताप. नवशिक्यांच्या गटात ओलांडायला बहुतेक सरळ पट्ट्यावरच परवानगी असते, आणि सरळ पट्ट्यावर हजार सीसीवाला तुम्हाला गोळीसारखा ओलांडतो. मग पुढच्या वळणात तुमच्यापुढे आडवा होऊन बसतो. सुटलं वळण की पुन्हा गोळी. एक सत्र तर मी एकाच माणसाच्या मागच्या नंबराकडे बघत काढलं. त्या वीस मिनिटांत मी ट्रॅकबद्दल काही शिकले नाही, शिव्यांचा साठा मात्र वाढला. आणि त्यातला निम्मा राग मला कुठून ओळखीचा वाटतोय हे घरी गेल्यावर कळलं. महिन्याभरापूर्वी तो आडवा बसणारा माणूस मीच होते.

केनी रॉबर्ट्स ५०० सीसीचा जगज्जेता झाला १९७८, ७९ आणि ८० साली, लागोपाठ तीनदा. पुढे तो आपल्या शेतावर जगातल्या भल्याभल्या रेसर्सना होंडाच्या शंभर सीसीच्या गाड्यांवर मातीत गोल गोल फिरवायचा. तसाच जगज्जेता व्हॅलेंटिनो रॉसी गुडघ्याएवढ्या मिनीमोटोवर वाढला. हे सगळं मला पाठ होतं, गप्पांत मीच लोकांना ऐकवायची. पण त्यांना कुणी झेपेल का विचारलेलं नसतं ना, म्हणून त्यांना छोट्या गाडीवर बसणं सोपं, असं माझं एक उत्तर तयार असायचं. मग आना कारास्को आठवते. २०१८ साली तिने सुपरस्पोर्ट ३०० ची जागतिक स्पर्धा जिंकली, तीही एका गुणाने. पुरुषांबरोबर एकाच रांगेतून सुटून, साइडकार नसलेल्या एकट्याच्या गाडीवर रोड रेसिंगचं जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली बाई. तिची गाडी होती निन्जा ४००. माझ्या तयार उत्तराला इथे भोक पडतं. ते मी बरेच दिवस बुजवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

वर्षाच्या शेवटी मी ट्रॅकसाठी यामाहाची एक जुनी आर३ घेतली. ३२१ सीसी, सीट ७८० मिलिमीटर, दोन्ही टाचा टेकतात. पहिल्याच दिवशी ती ढकलत पॅडॉकमध्ये आणत होते तर एका गृहस्थांनी मायेने विचारलं, "मुलाची का गाडी?" मी हो म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. मला मुलगा नाही. दिवसभर ते भेटले की मुलाची चौकशी करत होते आणि मी त्याची प्रगती सांगत होते: चौथ्या वळणात अजून मूठ सोडतो, पण सुधारतोय.

सहाशे विकली नाही. दोनदा विकायला काढली, दोनदा गिऱ्हाईक आल्यावर किंमत वाढवून सांगितली. तिच्यावर बसले की अजूनही एक पाय हवेत असतो आणि अजूनही छान वाटतं. याला अहंकार म्हणावं तर म्हणा, मला पुरतं तसं वाटत नाही. काही गाड्या शिकायला असतात आणि काही शिकून झाल्यावरच्या, असं एकदा मी शहाणपणाने कुणालातरी सांगून बसले होते, तेव्हा त्याने विचारलं, "मग तुमचं झालं का शिकून?" त्यावर मी विषय बदलला. हल्ली नव्या मुली विचारतात, कोणती घेऊ. मी आधी उंची-वजन विचारते, मग तीनशे-चारशेचं बोलते, आणि बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर ती मला ओळखीची सावली दिसते. हीसुद्धा मला झेपणार नाही म्हणतेय, अशी. तिथे मी अडखळते. ते वाक्य कसं बोलावं हे मला अजून जमलेलं नाही.

गेल्या महिन्यात सात-आठ दिवस आर३ वर घालवल्यानंतर एका सत्रापुरती सहाशे बाहेर काढली. तोच ट्रॅक, तोच सरळ पट्टा. मूठ शेवटापर्यंत गेली नाही, जवळपासही नाही; त्या गाडीचा तो थांबा अजून मी पाहिलेला नाही. पण दोनशेचा बोर्ड मागे गेला तेव्हा माझी बोटं ब्रेकवर नव्हती. चौथ्या वळणात दचकले. मूठ थोडी सोडली. परत आले, हेल्मेट काढलं, पंखा घरघरत होता. जुने सर आता तिथे शिकवत नाहीत, त्यामुळे कुणी येणार नव्हतं. उकिडवी बसले आणि टायखाली आडवी बोटं लावली. तीन. माझी बोटं बारीक आहेत. त्यांच्या मापाने अडीचच भरतील. पुन्हा एकदा लावून पाहिली. मग टाय वर सरकवून ठेवला, पुढच्या सत्राला अजून अवकाश होता.